मामांचे मातीतले कामगार

बुरशीवर पोटच्या पोरांइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या चाकण पट्ट्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लोणच्यावर पांढरा ठिपका दिसला की बरणी फेकणारी आम्ही माणसं. मामा मक्याच्या बियाण्याला मायकोरायझाची भुकटी चोळायचे, तीही नवरीला हळद लावावी तशा हलक्या हाताने. ही बुरशी म्हणे मुळांत राहते, लांबचं पाणी, खत ओढून पिकाला देते आणि त्याबदल्यात पिकाकडे जेवते. महाळुंग्यात दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या त्यांच्या शेताच्या तुकड्यात गेलं की मामा एक मूळ उपटून भिंगाखाली धरायचे. "दिसली का, पाव्हणं?" मला मातीच दिसायची. पण सासरच्या माणसाला नाही म्हणायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. "दिसली की! भरपूर आहे." मामा खूश.

डीएपी खत मात्र ते निम्मंच टाकत. थोरला मुलगा शिफ्ट संपवून यायचा आणि चिडायचा, "आबा, पोतं आणून दिलंय ना? टाका की सगळं!"

"न्हाई रं. आयतं ताटात पडलं की मका ह्यांना इचारत न्हाई. काम काढून घेतलं की मरत्यात ही."

मका दरवर्षी डोक्याच्या वर जायचा. तरी मुलांनी तो तुकडा कंटेनर उभे करायला भाड्याने दिला. म्हाताऱ्याला कष्ट नकोत, हा त्यांचा हेतू खोटा नव्हता. मुरूम पडायच्या आदल्या दिवशी मामा रिक्षाने आमच्या मारुंजीच्या फ्लॅटवर आले. मांडीवर घमेलं, घमेल्यात मुळांसकट माती.

"मका लावत ऱ्हावा. जित्तं मूळ असलं तरच जगत्यात. आमच्या दारात सगळी फरशीच हाय."

"मामा, चौथ्या मजल्यावर मका?"

"त्यांना मजला कुठं कळतोय?"

पुढे मुलांनी मामांना खरोखर फुलासारखं जपलं. मऊ खुर्ची, टीव्ही, ताट जागेवर. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. दिवाळीपर्यंत मामा उठेनासे झाले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "हायेत का?"

"आहेत, मामा. भरपूर."

"तुमाला कवाच दिसली न्हाईत, पाव्हणं. पर लावत जावा."

त्यानंतर आठवड्याभरात मामा गेले.

आमच्या बाल्कनीत मका अजून आहे. कणसं धरतात ती दातपडकी. सोसायटीचे सेक्रेटरी खालून वर बघून मान हलवतात. मक्याचं एक ताट वाळायला लागलं की मी शेजारी नवे दाणे टोचतो. खत मात्र हात आखडूनच घालतो. खाली मातीत कुणी असेलच, तर त्यांचं काम जायला नको.