जातो म्हण!

आमच्या इमारतीतून ‘येतो’ म्हणून बाहेर पडायची कुणाची छाती नव्हती. नवीन पनवेलमधली ही पाच मजली जुनी इमारत. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बरोबर समोर हिराबाईचं दार, आणि दारात पाटावर कोळंबी सोलत बसलेली हिराबाई. वर्षापूर्वी ती गेली तोवर ते दार बंद झालेलं मी पाहिलं नाही. वरून खाली जाणारा कुणीही सवयीने म्हणाला, “हिराबाई, येतो हं,” की असा आवाज निघायचा की पार्किंगमधल्या स्कूटर आपोआप सुरू व्हाव्यात आणि कामोठ्यातल्या रिक्षावाल्यांनी ब्रेक दाबावेत.

“येतो नाय! जातो म्हन!”

आता मराठी माणसाला उंबऱ्यातून ‘जातो’ म्हणायला लावणं म्हणजे मांजराला पोहायला लावण्यासारखं. जीभच वळत नाही. आईने लहानपणापासून फटके देऊन ‘येतो’ शिकवलेलं असतं. पण हिराबाईपुढे भलेभले वळले. पेपरवाला म्हणायचा जातो, गॅसवाला म्हणायचा जातो. माझ्या भांड्यांच्या दुकानातून तिला भाऊबीजेचं पातेलं द्यायला पोऱ्या पाठवला, तर तो परत येऊन मलाच म्हणाला, “शेट, मी जातो,” आणि मला वाटलं नोकरी सोडली याने.

एकदा निवडणुकीतले एक उमेदवार हात जोडत मजल्यावर आले. बरोबर पन्नास माणसं, मी सांगताना नेहमी पाचशे सांगतो. “मावशी, आशीर्वाद द्या. निवडून आलो की येतो.”

हिराबाईने विळीवरून मान वर केली. “जातो म्हन रं बाबा. निदान येवढा तरी खरा होईल.”

पन्नास माणसं हसली आणि उमेदवाराचे जोडलेले हात सुटेनात. पुढे ते निवडून आले, आणि हिराबाईचा शब्द त्यांनी पाच वर्षं पाळला.

ती मूळची उरणकडच्या खाडीकाठच्या गावातली. लग्न होऊन पनवेलला आली, उभा जन्म बाजारात मासळी विकली, आणि गुडघे गेल्यावर लेकीकडे, मंदाकडे, राहायला आली. अंगाने सुक्या बोंबलासारखी, पण पाटावर अशी बसायची की पाट तिचा आणि मजला इतरांनी भाड्याने घेतलेला. मला ती ‘थापाडे भाऊ’ म्हणायची. इमारतीतले बाकीचे हे माझ्यामागे म्हणायचे, एवढाच फरक.

सगळे हसण्यावारी नेत होते असं मात्र नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची नवी सून पहिल्या मंगळागौरीला माहेरी निघाली. हिरवा चुडा, हातात बॅग, आणि गोड आवाजात, “येते हं आजी.” हिराबाईने तिचं मनगट धरलं. ओरडली नाही. हळूच म्हणाली, “पोरी, येते नको बोलू. जाते म्हन.” पोरगी रडायलाच लागली. जोशीकाकू वरून जिना दणाणवत उतरल्या.

“अहो हिराबाई, हे काय मयताचं घर आहे, ‘जाते’ म्हणून निघायला?”

हिराबाईने मनगट सोडलं नाही. “हाय मंग,” एवढंच बोलली.

जोशीकाकूंनी, मी शपथेवर सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा भांडण अर्ध्यात सोडलं आणि सुनेची बॅग स्वतः उचलली.

अशी बाई इमारतीत असावी आणि तिच्यामागची गोष्ट कुणालाच माहीत नसावी, हे काही बरं नव्हे. ती गोष्ट तयार करणं हे समाजकार्य होतं, ते मी पत्करलं. माझ्या गोष्टीत तिचा रुबाबदार नवरा ‘येतो’ म्हणून दुबईला गेला आणि तिथे एका शेखाच्या उंटांचा मॅनेजर झाला. तिचा नवरा पनवेलच्याच दवाखान्यात, साखरेच्या आजाराने, सगळ्यांदेखत वारला होता ही एक अडचण होती, पण गोष्ट चांगली असली की लोक अशा अडचणी सांभाळून घेतात. गोष्ट फिरत फिरत हिराबाईच्या कानावर गेली. तिने मला लिफ्टपाशी अडवलं.

“थापाडे भाऊ, गोष्ट चांगली बांधलीस. पन माजा घोव येवढा देखना नव्हता रं. आनि उंट त्याला घाबरला नसता, तो उंटाला घाबरला असता.”

हसली ती. खळखळून. तिच्यात काही दुखरं असेल असं कुणाला वाटलंच नाही, कारण आमची समजूत अशी की दुखरी माणसं कोपऱ्यात बसतात, हळू बोलतात. ही तर आख्ख्या मजल्यावर हुकूम चालवायची. एक-दोन गोष्टी खटकायच्या, पण त्या आम्ही विनोदात जमा केल्या होत्या. सगळी मासळी विकलेल्या या बाईने कालवं कधी विकली नाहीत, आणि घरात शिजूही दिली नाहीत. ओहोटीला चिखलात फिरून, दगडावरून खरवडून काढायची ती कालवं. मंदाचा जीव त्यांवर, तर मंदा ती जोशीकाकूंकडे चोरून खायची, जोशीकाकू शाकाहारी असल्याचं जाहीर असूनही. आणि सोसायटीच्या आवारात नवं सिमेंट घातलं तेव्हा ते ओलं होतं तोवर हिराबाई जिना उतरली नाही. शेवटच्या पायरीवर उभी राहून त्या राखाडी, थुलथुलीत सिमेंटकडे बघायची आणि परत वर जायची. मी म्हटलं, “हिराबाई, फळ्या टाकल्यात की, चला.” तर असं बघितलं तिने माझ्याकडे की मीच दोन पायऱ्या वर चढलो.

मग ती दुपार आली. ही मी आजवर जशीच्या तशी सांगत आलोय. हिच्यात वाढवायला जागाच नाही.

मी चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली निघालो आणि वीज गेली. लिफ्ट जुनी, दोन्हीकडे जाळीचे सरकते दरवाजे, एक मजल्याचा, एक लिफ्टचा. ती थांबली तीच मुळी अधांतरी, दुसऱ्या मजल्याच्या खाली घसरून. माझं डोकं तेवढं हिराबाईच्या दारासमोरच्या फरशीच्या वर, बाकी शंभर किलोचा ऐवज खाली अंधारात. मी दोन्ही हात वर करून जाळी धरली आणि थट्टेच्या सुरात हाक मारली.

“हिराबाई! अडकलो हो. खाली ओढतंय मला कुणीतरी. हात द्या!”

ती उठून आली. मला वाटलं आता टोमणा येणार, थापाडे भाऊ, तुजा वजन झेपला नाय लिफ्टला. ती जाळीपाशी आली, खाली माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा गेला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चेहरा होता तिथेच होता, पण हिराबाई त्याच्यातून निघून गेली. साठीची ती बाई धाडकन फरशीवर पालथी पडली, दोन्ही जाळ्यांमधून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि माझं मनगट पकडलं.

“काशे,” ती म्हणाली. “काशे, हलू नको. हललीस का आनखी जाशील.”

मी म्हटलं, “हिराबाई, मी आहे.”

“हलू नको, काशे.”

आवाज तिचा नव्हता. कोवळा होता. परकर नेसणाऱ्या पोरीचा.

माणसं जमली. सेक्रेटरी कुलकर्ण्यांच्या सगळ्यात आधी लक्षात आलं, वीज आली की लिफ्ट हलणार आणि दोन जाळ्यांमध्ये तिचा हात आहे. ते किंचाळले, “हात काढा! काढा आधी!” लिफ्टची मोटार बंद करायची तर गच्चीवरच्या खोलीची किल्ली हवी, ती आणायला कुणीतरी धावलं. आणि धावताना, सवयीने, म्हणालं, “आलोच!”

ते ऐकल्यावर हिराबाईच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.

कुलकर्णी आणि वॉचमन बबन, दोघांनी तिची कंबर धरून मागे ओढायला सुरुवात केली. चांगल्यासाठीच. मीही तेच केलं असतं. पण जितकं ओढावं तितकी तिची बोटं माझ्या मनगटात रुतायला लागली. “सोडा मना! सोडा! ती बगते हाय! ती माज्याकडं बगते हाय!” हाडं काय ती, पण दोन पुरुषांना आवरेना. जाळीच्या पट्टीने तिचा दंड सोलला, रक्त माझ्या कपाळावर टपकलं. आणि मी खालून ओरडलो, “अरे ओढू नका तिला! ओढू नका!”

मंदा तेवढ्यात वर आली. ती समोरच्या शाळेत शिक्षिका, मधल्या सुट्टीत कुणीतरी बोलावून आणलेली. तिने त्या दोघांना बाजूला सारलं आणि आईशेजारी फरशीवर तशीच पालथी झोपली. हात लावला नाही. म्हणाली, “आई, कुनी ओढत नाय आता. बग. मी हितंच हाय.” इतकी वर्षं प्रमाण मराठी शिकवणारी मंदा, तिच्या तोंडून गावची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

हिराबाईचा श्वास थोडा खाली आला, पण हात सुटेना. “ती एकली हाय,” म्हणाली.

मी घामाने निथळत होतो. काशी कोण मला ठाऊक नव्हतं. तिला काय हवंय तेही कळत नव्हतं. इतकंच कळलं की ही सोडणार नाही, कारण सोडणारी ती असता कामा नये. तेव्हा सोडायला हवं होतं मीच. माझ्या तोंडून शब्द निघाले ते तिनेच इतकी वर्षं आमच्या जिभेवर घोटून बसवलेले होते.

“हिराबाई,” मी म्हटलं, “मी जातो.”

तिने माझ्याकडे बघितलं. खरंच माझ्याकडे. डोळ्यांत हळूहळू माझं टक्कल, माझी मिशी उमटताना मला दिसली.

“जातोस?”

“जातो.”

“जा मंग,” ती म्हणाली, आणि बोटं उघडली. मंदाने तिचा हात जाळीतून ओढून घेतला, आणि वीज आली. धक्का देऊन लिफ्ट मला घेऊन खाली गेली.

दंडाला टाके पडले. चार दिवसांनी मंदा तिला मनाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाली. पनवेलला बाजाराकडे एका औषधाच्या दुकानावर त्यांचा दवाखाना, डॉक्टरबाई मंदापेक्षाही तरुण. हिराबाई म्हणाली, “भाऊला पन घे. तो खड्ड्यात व्हता.” म्हणून मी गेलो. मंदाला मावशी लहानपणी वारली एवढंच माहीत होतं. बाकीचं तिने माझ्याबरोबर, त्याच खुर्च्यांवर बसून, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दोघी बहिणी ओहोटीला कालवं काढायला खाडीत गेल्या होत्या. परतताना काशीचा पाय मऊ चिखलात गेला. गुडघा, मांडी. हिराने ओढलं तर कंबर. आणि पाणी फिरलं, भरती लागली. “मी तिला बोलली, काशे, हलू नको, फली घेवन येते. आनि धावली.” बांधावर पोचली, फळी मिळाली, पण तोवर पाणी चढलेलं. काकाने आणि दोन बायकांनी तिला कंबरेला धरून ठेवलं. दोन्ही पोरी जातील म्हणून. बांधावरून काशी दिसत होती. हात वर केलेला होता तिचा.

“ओरडत होती?” डॉक्टरबाईंनी हळू विचारलं.

“नाय. तेच तर. येक डाव पन वरडली नाय. मी येते बोललेली ना. मंग कशाला वरडंल? ती आपली बांधाकडं बगत रायली.”

मंदाने तोंडावर पदर दाबला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. खाली कुणीतरी कलिंगडं रचत होतं, आणि ते मला सहन होईना.

थोड्या वेळाने मंदाने विचारलं, “पण डॉक्टर, इतकी वर्षं आई हसत-खेळत राहिली. मग आता असं कसं?” डॉक्टरबाई म्हणाल्या, “इतकी वर्षं झाली ती आपल्या हिशेबाने. खाली अडकलेलं माणूस, वर आलेला हात, आणि मागून कंबरेला धरून ओढणं. तेवढं जुळलं, आणि त्यांचं शरीर बांधावर जाऊन उभं राहिलं. त्या क्षणी त्यांना आठवण येत नव्हती. त्यांच्यासाठी ते घडत होतं.”

मग त्या हिराबाईकडे वळल्या. फार मायेने म्हणाल्या, “आजी, तुम्ही तिला टाकून गेला नाहीत. तुम्हाला धरून ठेवलं होतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत.”

हिराबाईने मान हलवली. रागावलेली नव्हती. समजूत घातल्यासारखं बोलली, जशी बाजारात नवख्या गिऱ्हाइकाला ताजी-शिळी मासळी समजावायची.

“ता मना ठाव हाय, पोरी. काकाला ठाव व्हता. गावाला ठाव हाय. आता तुला पन ठाव झाला. पन काशीला कुनी सांगला?”