बटण वहिनींच्या हातात

आमच्या शेजाऱ्यांनी लाकडावर नक्षी कोरणारं मशीन घरच्या गॅलरीत स्वतः बनवलंय. माणसाचा आवाज असा, की रंकाळ्यापर्यंत पोचावा. पण मशीनचं बटण ते कधी दाबत नाहीत. तो मान वहिनींचा.

मशीनच्या सर्किट-कार्डावर ऑप्टोकपलर नावाची चिप असते. मशीन सरकत टोकाला पोचलं, की तिच्या पोटातला इवलासा एलईडी पेटतो आणि मशीनला थांबायचं कळतं. त्याला चोवीस व्होल्ट थेट दिले तर तो जळतो, म्हणून तारेत रेझिस्टर लावायचा. तो विसरल्यानं पहिलं कार्ड गेलं. दुसरं जळालं तर मशीन भंगारात जाईल, असं वहिनींनी बजावलं होतं.

परवा ते दुसरं कार्ड जोडताना मी हजर होतो. वहिनी पिठाच्या हातानं बटणापाशी उभ्या राहिल्या.

“प्लस?” त्यांनी विचारलं.

“हाय.”

“मायनस?”

“हाय की.”

“रेझिस्टर?”

“लावलाय.”

वहिनींनी हात मागं घेतला. “मग दातात काय धरलंय?”

शेजाऱ्यांनी दातातला रेझिस्टर काढला, लुंगीला पुसला आणि तारेत जोडला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुमच्या बडबडीनं झालं बघा हे.”

मी चकार शब्द काढला नव्हता.

यादी पहिल्यापासून सुरू झाली. रेझिस्टरची पाळी येताच त्यांनी आपणहून आ वासला. वहिनींनी जिभेखालीसुद्धा बघितलं, मगच बटण दाबलं. मशीन टोकापर्यंत सरकलं आणि शहाण्यासारखं थांबलं. शेजाऱ्यांचं तोंड मात्र अजून उघडंच होतं.