गळ्यावरचा हात

अर्धांगवायूनंतर बाबांची वाचा गेली. स्पीच थेरपीच्या बाई घरी यायच्या. 'क' जमला, पण 'ग' काही केल्या येईना.

"जीभ दोन्हींना मागं त्याच जागी टेकते," बाई म्हणाल्या, "'ग'ला फक्त गळा थरथरतो. काकू, त्यांचा हात तुमच्या गळ्यावर ठेवा बरं."

आईनं बाबांचा चालता हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि ती 'ग, ग' म्हणत राहिली. आमच्यादेखत त्यांनी एकमेकांना असा हात कधी लावला नव्हता. मी बघतच राहिलो. शाळेत घोकलेली अक्षरं कखगघला घशातून निघून पफबभपाशी ओठांवर पोचतात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. भांडणं, लाड, हाका, सगळं त्या वीतभर वाटेवर घडतं, आणि जिभेच्या एका स्पर्शावर, गळ्याच्या एवढ्याशा थरथरीवर उभं असतं.

बाबांनी आईला नावानं कधीच हाक मारली नाही. हात तिच्या गळ्यावर तसाच होता. त्यांचा स्वतःचा गळा हलला आणि घोगरं, फाटकं काहीतरी बाहेर आलं.

"अगं."

"इथंच आहे मी," आई म्हणाली.