साळवे सरांच्या तीन खुर्च्या

नोकरीच्या मुलाखतीसाठी कसबा पेठेतल्या आमच्या शाळेत गेलो, तेव्हा आत कसं शिरायचं याची तालीम मी घरी आरशासमोर तीनदा केली होती. हौशी नाटकांत कामं करत असल्यामुळे प्रवेश जमला की निम्मं काम झालं अशी माझी समजूत होती. दार ढकललं, छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात नाव, शिक्षण, अनुभव आणि कॉलेजात मिळालेली ढाल असं सगळं एका दमात सांगून टाकलं. समोर एका लाकडी स्टुलावर बसलेले सावळे, किडकिडीत गृहस्थ शांतपणे माझ्याकडे बघत होते. माझं भाषण संपलं तरी ते काही बोलेनात. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल, म्हणून नाव पुन्हा सांगितलं. तरी नाही. त्यांनी फक्त हाताने टेबलाच्या अलीकडे मांडलेल्या, गादी बसवलेल्या तीन खुर्च्या दाखवल्या.

आता मी पडलो सदाशिव पेठेतला. आमच्याकडे "बसा ना" हे पाहुणा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचला की म्हणतात. त्यामुळे मी "असू दे, असू दे" करत उभाच राहिलो. ते गप्प, मी उभा. शेवटी माझेच पाय दमले आणि मी मधल्या खुर्चीत टेकलो.

"हां," ते म्हणाले, "मघाशी म्हणालात ते पाठ केलेलं होतं. आता खरं सांगा."

ते याकोब शांतवन साळवे, आमचे मुख्याध्यापक. मी खरं सांगितलं, म्हणजे मला नोकरीची फार गरज आहे आणि वर्गात उभं राहायची भीती वाटते, हे सांगितलं. नोकरी मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'नाटकवाले' झालो. पुढे वीस वर्षं त्यांनी मला आडनावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

शाळा मिशनची, सव्वाशे वर्षांची. तांबटांची, बागवानांची, भाजीवाल्यांची, कारकुनांची मुलं एकाच बाकावर बसत. सर रोज सकाळी फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला "सलाम" म्हणायचे. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींची ती रीतच आहे, पण नव्या पालकांचा गोंधळ उडायचा. एकदा एका जानवेधारी आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, हे नक्की कोण?" मी म्हटलं, "मुख्याध्यापक." आजोबा म्हणाले, "ते नाही विचारलं." मी ही गोष्ट सरांना साभिनय करून दाखवली. ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी त्या आजोबांना त्यांनी खास दोन्ही हातांनी सलाम केला, आणि आठवड्याभरात आजोबाच लांबून "सलाम, साळवे" म्हणू लागले.

खुर्च्यांचा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शाळेत कोणीही आलं, अगदी पोराची तक्रार करायला रिक्षा मधेच उभी करून आलेला बाप असला, तरी तो आधी बसायचा, मग बोलायचा. सर स्वतः स्टुलावर. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं की मुख्याध्यापकाला खुर्ची का नाही. सर म्हणाले, "मी इथला आहे, मला सवय हाय." एरवी ते पुण्यात शोभेल अशी मराठी बोलत, पण बोलणं मनाच्या जवळचं असलं की त्यांचं 'आहे' चालता चालता 'हाय' होई. तेवढ्यावरून मी ओळखायचो.

"उभं माणूस अर्धंच सांगतं, नाटकवाले," ते म्हणत. "उरलेलं अर्धं पायांत राहतं. ते ऐकायचं असलं तर बसवावं लागतं."

मला हे वाक्य फार आवडायचं. म्हणजे नक्कल करायला आवडायचं. त्याचा अर्थ कळला तो तांबटाच्या पोरामुळे. सातवीतला एक मुलगा प्रश्न विचारला की खिडकीबाहेर बघत राहायचा. मी त्याला उद्धट ठरवला आणि वर्गाबाहेर काढला. त्याचे वडील हातोडी घेऊनच आले होते, दुकानातून तसेच. दारात उभे राहून ते मला जे बोलले ते इथे लिहीत नाही, आणि मीही सदाशिव पेठेला शोभेल असं एक थंड वाक्य परत केलं. सरांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि कपबशी रिकामी होईपर्यंत स्वतः एक शब्द काढला नाही. मग ते गृहस्थ हातोडीकडे बघत म्हणाले की पोराला ऐकू कमी येतं, दिवसभर भांडी ठोकण्याच्या आवाजात वाढलाय, पण तो कुणाला सांगू देत नाही. मी त्या पोराला पहिल्या बाकावर आणलं. वर्षभर त्याच्या समोर उभा राहून ओठ स्पष्ट हलवत शिकवलं. त्यासाठी तरी माझं नाटक उपयोगी पडलं.

सरांचं गाव राहुरीच्या पलीकडचं, आठवड्याच्या बाजाराचं. वडील शांतवन मिशनच्या बोर्डिंगमध्ये आचारी. रविवारी उपासनेला पेटी-तबल्यावर भजन चालायचं आणि लहानगा याकोब टाळ वाजवायचा. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. आठवीसाठी तालुक्याला जायचं होतं. बापलेक पहाटे चालत निघाले. तिथल्या हेडमास्तरांनी त्यांना टेबलासमोर उभं ठेवलं आणि आपली कामं करत राहिले. शांतवनचा एक पाय बोर्डिंगच्या चुलीवर भाजलेला, अधू. दोन तासांनी त्यांना उभं राहवेना, तेव्हा ते टोपी हातात धरून तिथेच जमिनीवर बसले. हेडमास्तर म्हणाले, "ऊठ, ही काय चावडी आहे का?"

"मग?" मी विचारलं होतं.

"मग उठले. प्रवेश मिळाला," सर म्हणाले. "पहिला नंबर पण आला. पण मला शाळा म्हटलं की अजून तेच दिसतं बघा. बाप उठतोय, आणि हाताने धरायला काही नाही."

पुढचा प्रवास त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितला. एकशिक्षकी शाळेत चार वर्गांना एकदम शिकवलं, मग बी.एड.साठी पुण्याला आले. नारायण पेठेत खोली बघायला गेले, तर घरमालकीणबाईंनी नाव ऐकून मटणाचं काय, असं विचारलं. सर म्हणाले, "अहो, मला साधी भाजी करता येत नाही, मटण कुठून करू?" खोली मिळाली, आणि नाताळात त्याच बाईंनी करंज्या लाटायला मदत केली. मग आमच्या शाळेत साहाय्यक शिक्षक, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक. मुख्याध्यापक झाल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी केबिनमधली फिरती खुर्ची भांडारात पाठवली आणि गाद्यांच्या तीन मागवल्या.

सर निवृत्त झाले. काही वर्षांनी संस्थेने मला मुख्याध्यापक केलं. सत्काराला सर आले होते. भाषणात ते माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले आणि खाली बसता बसता हळूच म्हणाले, "खुर्च्या तेवढ्या ठेवा." मी "अर्थात" म्हटलं.

आणि मी त्या काढल्या. एकदम नाही. आधी केबिन मोठी करायची म्हणून व्हरांड्यात ठेवल्या. मग प्रवेशाच्या दिवसांत गर्दी होते म्हणून ऑफिसला खिडकी पाडली, टोकन लावलं, आणि खुर्च्या भांडारात गेल्या. बसलेले पालक उठत नाहीत, अशी ऑफिसची तक्रार होतीच. मला भेटायची वेळ तीन ते चार. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण माझ्या अंगात पुणं आहे. खिडकीवर लावायला मी स्वतःच्या हाताने, सुबक अक्षरात एक पाटी रंगवली:

'काम उभ्यानेच सांगावे. बसल्यास बोलणे लांबते. खुर्च्या विसरून नव्हे, मुद्दाम ठेवलेल्या नाहीत.'

पाटीचे फोटो गावभर फिरले. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून दाद द्यायचे, आणि मी नाटकाच्या शेवटी वाकावं तसा वाकायचो.

त्या जूनमध्ये एका शनिवारी मी फाटकावरचं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर चाळत होतो. रखवालदार नवा, एजन्सीचा. वेड्यावाकड्या नोंदींमध्ये एकदम एक ओळ दिसली आणि ते अक्षर मी वाचायच्या आधीच ओळखलं. या. शां. साळवे. काम : प्रवेश. आत ११.१०. बाहेर १.०५. शेवटच्या रकान्यात, 'भेट झाली का?' याच्यासमोर त्यांनी लिहिलं होतं, 'नाही'. नोंद आठ दिवसांपूर्वीची होती. त्या वेळी मी वर केबिनमध्ये होतो.

ऑफिसात चौकशी केली. खिडकीवरची मुलगी नवी होती, पण तिला आठवलं. एक म्हातारे गृहस्थ होते, बरोबर एक बाई आणि सहावीतली मुलगी. बाईकडे शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. दाखला का नाही, असं विचारलं तर ती मागच्या रांगेकडे बघून गप्प झाली. मग मधली सुट्टी झाली, खिडकी बंद झाली. गृहस्थ काहीच बोलले नाहीत, फक्त पाटी वाचत होते, असं ती म्हणाली.

मी तसाच वडगाव शेरीला सरांच्या घरी गेलो. सरांनीच दार उघडलं. गुडघ्यांनी पार दगा दिला होता, भिंत धरून चालत होते. "या नाटकवाले," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मला बसवेना. मी म्हटलं, "नको सर, लगेच निघायचंय, तीनची वेळ दिलीय लोकांना." मग तेही बसले नाहीत. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा, आणि ते त्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभे.

मी विचारलं, सर, नाव का नाही सांगितलंत, मी धावत खाली आलो असतो.

"म्हणून तर नाही सांगितलं. साळवे बरोबर हाय म्हणून सुनीताला आत घेतलं असतंत. ज्याच्याबरोबर साळवे नाही, त्यानं काय करायचं?"

सुनीता म्हणजे त्यांच्या इमारतीत धुण्याभांड्याला येणारी बाई. नवऱ्याच्या माराला कंटाळून मुलीला घेऊन गावाहून नेसत्या लुगड्यानिशी निघालेली. दाखला आणायचा तर गावात परत जायचं, म्हणजे त्याला पत्ता कळणार. दाखल्यावाचूनही मुलीला वर्गात बसवता येतं, तसा कायदाच आहे आणि मला तो पाठ होता. पण माणसांच्या रांगेसमोर, खिडकीपाशी उभं राहून हे कोणती बाई सांगेल? तिने अर्धं सांगितलं होतं. दाखला नाही, एवढंच.

"तुम्ही सांगायचं होतंत, सर."

"ती तिची गोष्ट. तिनं सांगितली तर तिची. मी ओरडून सांगितली तर चार लोकांची झाली असती." मग म्हणाले, "पाटीचं अक्षर छान आलंय. तुमचंच ना?"

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं, त्यात मी तरबेज आहे. मी म्हटलं, तिला सोमवारीच घेऊन या. सर म्हणाले की ती गेली. आणखी दोन शाळांनी तेच विचारलं, मग ती मुलीला घेऊन बहिणीकडे गेली. बहीण कुठे असते ते तिने सांगितलं नव्हतं, भीतीपोटी. मुलीचं नाव रेणुका.

तेव्हा मी काय बोललो? मी विनोद केला. पाटी आता माझ्याच घराला लावतो, पाहुणे तरी लवकर जातील, असं काहीतरी. सर हसले, सवयीने. "बसा की थोडं," ते म्हणाले. मी पुढच्या आठवड्यात निवांत येतो म्हटलं आणि जिना उतरलो. खाली आल्यावर लक्षात आलं की माफ करा हे म्हणायचं राहिलंच.

सोमवारी पाटी काढली. खुर्च्या भांडारातून आणून गाद्या बदलून घेतल्या, स्टूलही शोधून काढलं. पुढचा आठवडा प्रवेशांच्या गर्दीत गेला, मग सहामाही परीक्षा आली, मग गॅदरिंगच्या तालमी. नाताळच्या करंज्या खायलाच जाऊ, म्हणजे निवांत बसता येईल, असं ठरवलं. सर नोव्हेंबरातच गेले. मातीला चर्चच्या आवारात मावेनात एवढी माणसं होती, आणि सगळी उभीच होती. तो तांबटाचा पोरगा, आता चाळिशीकडे झुकलेला, कानाला यंत्र लावून पहिल्या रांगेत पाळकांच्या ओठांकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना होती. ती आटोपल्यावर मी सरांच्या पत्नीला, मार्थाबाईंना, हात जोडले आणि दाराकडे वळलो. त्यांनी तीच खुर्ची ओढली.

"बसा हो. सर म्हणून गेलेत, नाटकवाले आले की आधी बसवायचं. त्यांचं अर्धं सांगायचं राहिलंय."

मी बसलो. समोर सरांचं घरातलं स्टूल होतं, शाळेतल्यासारखंच. मार्थाबाई चहा टाकायला आत गेल्या, आणि त्या परत येईपर्यंत मी ते उरलेलं अर्धं त्या स्टुलाला सांगितलं. पाठ केलेलं नव्हतं.