चाचींचं म्हैसूर

चाची मांडी घालून जेवायला बसल्यात, असं मी कधी पाहिलं नव्हतं. एक गुडघा उभा, टाचा जेमतेम टेकलेल्या, आणि ताट समोर नाही तर जरा बाजूला, म्हणजे उठताना पाय लागायला नको. दोन घास झाले की उठायच्या. कधी तव्यावरची भाकरी, कधी चाचांचं पाणी, कधी दाराशी आलेलं कोणी. परत येऊन तशाच उकिडव्या बसायच्या. माझी आई म्हणायची, "भाभी, जरा नीट बसा की." त्यावर चाचींचं उत्तर ठरलेलं असे. "मला मांडी घालून घास उतरत न्हाय बाय. सवयच तशी हाय." हे त्या इतक्या सहज सांगत, की आमच्या सगळ्या गल्लीने, आणि चाचांनीही, ते खरं धरलं होतं.

बारामतीत त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक. चाचांचं मार्केट यार्डाच्या रस्त्याला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरून द्यायचं दुकान होतं. उन्हाळाभर सांगवी-कऱ्हाटीकडचे शेतकरी मोटारी घेऊन दाराशी बसलेले असत आणि चाचांना मान वर करायला फुरसत नसे. पावसाळ्यात मोटारी चालवायची गरज नसे, दुकान थंड होई आणि चाचांच्या पायाला भिंगरी लागे. मग ते दौंडची पॅसेंजर, तिथून पुढची गाडी, तिथून पुढची एसटी असं सगळं तोंडपाठ करत गल्लीभर फिरत. कुठल्या स्टेशनात गाडी किती वेळ थांबते आणि तेवढ्यात खाली उतरून पाणी भरता येतं का, हे ते आम्हाला न विचारता सांगत.

पॅकेज टूर या शब्दाचा त्यांना मनस्वी राग. "पॅकेज म्हंजे मेंढरं," असं ते म्हणत. "शिट्टी वाजली की चढा, शिट्टी वाजली की उतरा. आरं, एखादी जागा आवडली तर तितं तासभर बसायची बी चोरी. आपुन आपल्या मर्जीचं मालक." माणूस दिलदार होता. कोणाच्याही घरातली मोटार रात्री-अपरात्री जळाली तरी कुरकुर न करता उठणारा. प्रवासातही हात आखडता नसे, रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला चहा पाजल्याशिवाय पुढे जात नसत. त्यांच्या मर्जीचा मला तेव्हा फार हेवा वाटायचा.

मी कॉलेजात असताना एकदा आम्ही दोन्ही घरं मिळून हैदराबादला गेलो. सगळी आखणी अर्थातच चाचांची. चाचींबरोबर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात वातीचा स्टोव्ह, तवा, छोटी परात, पीठ, डाळ, तिखट-मीठ आणि जवसाची चटणी. चाचांना बाहेरचं अन्न सोसत नसे आणि बाहेर कोणाच्या हातचं काय असेल याचा भरवसाही वाटत नसे. लॉजच्या खोलीत पोचल्यावर आम्ही तोंड धुवेपर्यंत चाचींनी स्टोव्ह पेटवलेला होता. आम्ही चारमिनारला निघालो तेव्हा त्या कणीक मळत होत्या. "तुमी व्हा म्होरं. मी एवढ्या चपात्या टाकते," म्हणाल्या. आम्ही परत आलो तेव्हा ताटं वाढलेली होती. आम्ही जेवायला बसलो आणि चाची वाढता वाढता विचारत होत्या, "कसा होता गं चारमिनार? वर चढू देत्यात का? जिना लई हाय का?" मी वर्णन करून सांगितलं. बारामतीला परतल्यावर ओट्यावर बसून चाचींनी तोच चारमिनार सगळ्या बायकांना सांगितला, जिन्यासकट, आणि माझ्यापेक्षा चांगला सांगितला.

प्रत्येक गावाविषयी त्यांना स्वतःची म्हणून एकच गोष्ट माहीत असे. तिथे डाळ कशी शिजते. "हैद्राबादचं पाणी जड. डाळ काय शिजंना बग. अजमेरला झकास शिजती. महाबळेश्वरला गारठ्यानं स्टोव्ह नीट पेटत न्हाय." हे सांगताना त्या हसत आणि ऐकणारेही हसत. मीही हसायची. भारताचा नकाशा चाचींनी लॉजच्या मोरीतून पाहिला होता, असं आज लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा ते सगळं अगदी रीतीचं वाटायचं. तक्रार चाचींच्या तोंडून ऐकली नाही. फक्त प्रवासाहून आल्यावर आठ-पंधरा दिवस त्यांचा चेहरा ओढलेला असे आणि चाचा गल्लीत सांगत असत, काय फिरलो, काय फिरलो.

लग्न होऊन मी इंदापूरला आले आणि आमच्या घरातली बुकिंगवाली झाले. आमच्याकडेही पॅकेजचं नाव काढायची सोय नाही. "आपलं आपण मोबाईलवर बघू," असं नवरा म्हणतो. त्यातला 'आपण' म्हणजे मी. सासूबाईंना तळमजल्याची खोली हवी, कमोड हवा. मामंजींना उजाडायच्या आत चहा हवा. मुलांना पोहायला पाणी हवं. मी पोळ्या लाटताना हॉटेलांचे फोटो बघते, लोकांनी लिहिलेली बरी-वाईट मतं वाचते, चादरी स्वच्छ असतात का म्हणून फोन करून विचारते. एवढं करून पोचलो की कोणीतरी नाक मुरडून म्हणतं, "याच्यापेक्षा ते मागच्या वेळचं बरं होतं." सहल संपते तेव्हा मला घरी जायची एवढी ओढ लागलेली असते की बस. मग कपडे धुवायचे असतात. अशाच एका सहलीनंतर माहेरी गेले होते. चाचींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता तुजी बी पेटी निगाली म्हण की." त्या दिवशी मला चाचींचं उकिडवं बसणं पहिल्यांदा दिसलं.

इंदापूरच्या स्टँडाजवळ एका छोट्या टूरवाल्यांचा फलक लागायचा. नवरा-बायको दोघं मिळून तो धंदा चालवायचे. त्यात फक्त बायकांची एक सहल होती, म्हैसूर-उटीची. सोबत आपला आचारी आणि जेवण शाकाहारी. सांगवीच्या बचत गटातल्या बऱ्याच बायका निघाल्या होत्या. मी चाचींना फोनवर सहज सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ताट आयतं येतं?"

"येतं."

"आन भांडी?"

"तीही तेच घासतात."

"मग माजं नाव घाल," चाची म्हणाल्या. तोपर्यंत चाचांना न विचारता त्यांनी काही ठरवल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात मी बारामतीला गेले तेव्हा त्या घरात हाच विषय तापला होता. चाचांनी आधी खाण्याचा मुद्दा काढला. शाकाहारी म्हटल्यावर तो मिटला. मग सोबत कोण, असं विचारलं. मी जाते म्हटलं, तेही मिटलं. त्यांच्या जेवणाचा डबा माझी आई देणार होती. मग चाचा खुर्ची ओढून चाचींसमोर बसले आणि फार मायेने म्हणाले, "अगं, म्हैसूरच बघायचंय ना? त्या मेंढरांत कशापायी जाती? मी नेतो की तुला. ह्यांच्या निम्म्यात नेतो आन दुप्पट दावतो."

घरात ते दोघं आपसात त्यांच्या दखनी बोलीत बोलत, चाचांचं हे बोलणंही त्यातलंच. त्या दिवशी चाची मराठीत बोलल्या, बहुधा मी साक्षीला असावं म्हणून. "तुमी मला समदीकडं नेलं," त्या म्हणाल्या. "मी कुठंच पोचले न्हाय." आवाज चढलेला नव्हता. लसूण सोलत होत्या, तो सोलत राहिल्या. चाचांना ते कितपत कळलं कोण जाणे, पण पुढे त्यांनी वाद घातला नाही. जाताना बसपर्यंत सोडायला आले, आणि टूरवाल्या ताईंना बजावून गेले, की हिच्या गुडघ्याला चढ सोसत नाही, जरा सांभाळून. पेटी घरीच राहिली होती. चाचींच्या हातात एकच पिशवी होती आणि ती त्या सारखी या हातातून त्या हातात घेत होत्या.

टूरमध्ये चाचांनी वर्णन केलेलं सगळं होतं. खरोखरची शिट्टी होती. पहाटे दारं वाजायची, बस सुटायची, बागेत पाय टेकतो न टेकतो तो निघायची घाई व्हायची. सांगवीच्या बायका वैतागून गेल्या होत्या. "नुसतं पळवत्यात बया," असं त्यांचं चाललेलं असे. मीही वैतागले होते. माझ्या हातात मोबाईल नसताना कोणीतरी मला कुठेतरी नेतंय, याची सवयच राहिली नव्हती. चाची तेवढ्या निवांत होत्या. खिडकीला डोकं टेकून बस सुटताच झोपायच्या आणि थांबली की विचारायच्या, "जेवान आलं का?"

म्हैसूरच्या राजवाड्याला जायच्या सकाळी त्या हॉटेलच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी जाऊन या. मी न्हाय येत." टूरवाल्या ताई घाबरल्या, बरं नाही का विचारू लागल्या. मला रागच आला. एवढा वाद घालून इथवर यायचं आणि ज्यासाठी आलो तेच बघायचं नाही? मी तसं बोललेसुद्धा. चाचींनी माझा हात धरून मला जवळ बसवलं. "मी बघाया न्हाय आले, बाय," त्या म्हणाल्या. "बसाया आले."

राजवाडा बघून आलो तेव्हा त्या तिथेच होत्या. शेजारी चहाचे रिकामे कप होते. दुपारची ताटं आली. आचारी कऱ्हाटीकडचा होता, त्याच्या हाताला आपल्याकडची चव होती. चाचींनी चपला खाली काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गुडघे खुर्चीबाहेर आलेले, चक्क मांडी घातली. ताट मांडीवर घेतलं. सावकाश जेवल्या. मधेच मान वर करून आचाऱ्याला म्हणाल्या, "दादा, अजून एक चपाती द्या. गरम बघून." चाचींना काही मागताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी ताक आणायला उठले तर चाची दटावून म्हणाल्या, "बस गं. आणत्यात ती."

संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून घेतलं. "हां, आता सांग. कसा होता राजवाडा? बारामतीत सांगाया पायजे." मी खांब सांगितले, रंगीत काचा सांगितल्या, हत्तींची चित्रं सांगितली. त्या मधेमधे अडवून विचारत होत्या, फरशी कसली, दारं केवढाली. मग चाचांचा फोन आला आणि चाचींनी माझ्यादेखत तो सगळा राजवाडा त्यांना फिरवून आणला. पलीकडून चाचा, "अस्सं? एवढा?" म्हणत होते. फोन ठेवून चाची माझ्याकडे बघून हसल्या आणि खुर्चीत पुन्हा पाय वर घेतले. उटीलाही तेच केलं. तिथली डाळ कशी शिजते, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी आल्यावर पेटी होती, स्टोव्हच्या जागी गॅस होता आणि चाची ताटावर पुन्हा उकिडव्याच होत्या. पुढच्या वर्षी परत जाऊ, असं आमचं ठरलं होतं. मीच काही ना काही कारणाने ढकलत राहिले, घरच्या बुकिंगांतून डोकं वर निघेना. मग त्यांचं दुखणं निघालं आणि रमजानच्या आधीच चाची गेल्या. मी पोचले तेव्हा दारात चपलांची गर्दी होती आणि त्या घरात पहिल्यांदाच मला कोणी चहा विचारला नाही.

परवा माहेरी गेले तेव्हा आईने दिलेला डबा घेऊन चाचांकडे गेले. दुकान त्यांनी भाच्याकडे दिलंय. फिरणं बंद आहे. "एकट्याचं कसलं फिरनं," म्हणाले. स्वयंपाकघरात सतरंजीवर बसून त्यांनी डबा उघडून ताटात वाढून घेतला, मी दाराशी बसले. चार घास खाल्ल्यावर म्हणाले, "म्हैसूरचा राजवाडा तिनं लई बारकाईनं बघितला हुता. कितींदा सांगायची. मी एवढं फिरवलं, पर माज्यासंगट बघितल्यालं असं रंगवून कधी न्हाय बोलली मला. ती पॅकेजवाली नीट दावत असत्याल, व्हय ना?"

"हो चाचा," मी म्हटलं. "नीट दाखवतात."

"आन जेवायची का तितं? का आचाऱ्याच्या हाताखाली उभी?"

"नाही. एकदम निवांत. मांडी घालून जेवायच्या."

चाचांचा घास हातातच राहिला. "मांडी?"

"खुर्चीतसुद्धा."

"रोज?"

"रोज."

"तिला मांडी घालून घास उतरत न्हवता," चाचा म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, ते कळलं नाही. गॅसवर ठेवलेलं दूध वर यायला लागलं होतं. मी उठणार तेवढ्यात त्यांनी हाताने मला थांबवलं, ताट बाजूला सरकवलं आणि गुडघ्यावर हात रोवून, सावकाश, जेवणावरून उठले.