तोंडावर माती

आमच्या भवानी पेठेतला पंक्चरवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘मालक’ म्हणतो आणि कुणाचंच काम वेळेवर देत नाही. ट्यूब पाण्यात बुडवली की त्याला मोटारसायकलची रेस आठवते.

“पूर्वी मैदानाला नुसती दोरी असायची, मालक. तिकीट न्हाय, काय न्हाय. वळणावर उभारायचं. गाडी गेली की तोंडावर माती! रेसवालं पोरगं आपल्याकडंच पाना मागायचं की. आता जाळी हाय, गळ्यात पास हाय. आमी लांबनं धूर बघायचा व्हय?”

गेल्या शनिवारी मी स्कूटर त्याच्याकडे टाकली. रविवारी गेलो, तर दुकान बंद. माझी स्कूटर मागच्या चाकाशिवाय विटांवर टेकवलेली.

सोमवारी हा निवांत चाक बसवत होता. भुवयांत वाळलेली माती, मुद्दाम न धुतलेली.

“चाक कुठं नेलं होतं?” मी ओरडलो.

“रेसला. खांद्यावर चाक आन् हातात पाना असला की गेटवर कोण इचारतंय? वॉचमननंच गर्दी सारली. ‘सरका, मेकॅनिक आलाय!’”

“स्कूटरचं चाक बघून?”

“त्याला काय कळतंय!”

हसू दाबायला मी चाकाकडे पाहिलं. त्याच्यावरही मातीचा थर.

“निदान हे तरी पुसायचं!”

तो एकदम गंभीर झाला.

“त्यानं बी पुढं उभारून रेस बघितली, मालक. दोन दिवस जरा जपून चालवा. अंगात आलं असंल त्याच्या.”