मंगलची सकाळची गोळी

हे मी आमच्या मालकांनाही सांगितलं नाही. ते शेवटच्या आजारात होते तेव्हा दोनदा तोंडाशी आलं — आणि गिळलं. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण लागता? म्हणूनच जमेल कदाचित.

माझी सून मंगल, उदगीरची. तिला दिवस गेले तेव्हा नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून थायरॉईडची बारीक गोळी लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी. मला समजावलंही — पोटातल्या लेकराची स्वतःची ग्रंथी सुरुवातीला काम करत नाही, पहिले महिने ते आईच्याच हार्मोनवर वाढतं, त्याचा मेंदू त्यावर घडतो. मी मान डोलावली. पटलं का? छे. माझी चार बाळंतपणं हदगावात, एकाही गोळीशिवाय झालेली. वर ही गोळी उष्ण, गर्भाला सोसायची नाही, असं मीच ठरवलं. मी शहाणी ना.

औषधं माझ्या ताब्यात असायची. सकाळी मंगल हात पुढे करायची आणि मी — मी तिच्या हातावर कॅल्शियमची गोळी ठेवायची. थायरॉईडची बाटली मोरीत रिकामी केली. पुन्हा तपासायला बोलावलं होतं, तेही टाळलं.

नातू झाला. वर्ष उलटलं तरी बसेना, हाकेला वळेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी रोज दिलीत ना?" मंगलच्या आधी मीच बोलले, "हाव, माझ्या हातानं." त्या म्हणाल्या, मग कारण दुसरं असेल. गोळीमुळेच झालं का? ठाम कोण सांगणार? पण मग मी खोटं का बोलले?

घरात कारण शोधणं सुरू झालं. मंगलनं ग्रहणात वांगं चिरलं होतं, ही आठवण कुणी काढली? मीच. भावकीला पटलं. मंगललाही पटलं — याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तिनं दुसरं मूल होऊ दिलं नाही. "माझ्या हाताला पाप हाय," म्हणते.

पोरगा आता आठ वर्षांचा आहे, बोलत नाही. दरवर्षी त्याला पाठीवर घेऊन ती माहूरच्या पायऱ्या चढते, रेणुकेची माफी मागायला. यंदा मला दम लागला म्हणून अर्ध्यावर बसलो. माझे पाय चेपत ती म्हणाली, "आत्याबाई, दुसऱ्या सासूनं मला कवाच हाकललं असतं. तुमी लई सांभाळलं."

मी हाव म्हणाले.